देवयानी आणि एकोणतीसचा पाढा

आमच्या घराण्यात आकाशाच्या दिशेने नळी रोखून बसणारा मी पहिला नाही. आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले ते तोफखान्यात होते, असं वडील सांगत. त्यांचा नेम अधूनमधून तरी लागत असणार, नाहीतर त्यांना कोणी ठेवून घेतलं नसतं, असं माझी बायको म्हणते. माझ्याकडे दुर्बीण आहे, तिच्या मागच्या टोकाला कॅमेरा आहे, आणि बायकोच्या मते नेम नाही.

जयेंद्रगंजातल्या आमच्या गच्चीवरून मी आकाशाचे फोटो काढतो. चंद्राचे नव्हे. चंद्र कोणीही काढतं. मी काढतो ते तेजोमेघ आणि दीर्घिका, म्हणजे ज्या वस्तू डोळ्यांना दिसतच नाहीत त्या. हे सांगितलं की लोक सहानुभूतीने बघतात. शहरातून असे फोटो काढायचे तर एका फोटोने भागत नाही. एकाच जागेचे खूप फोटो काढायचे, प्रत्येक मिनिटभर लांबीचा, आणि मग ते संगणकावर एकावर एक रचून त्यांची सरासरी काढायची. तेवढा वेळ तारे काही थांबून राहत नाहीत, म्हणून दुर्बिणीखाली एक मोटर असते, ती त्यांच्या चालीने दुर्बीण फिरवत राहते. तिला आधी ध्रुवाची दिशा दाखवून द्यावी लागते. ध्रुव आमच्याकडून बरोबर किल्ल्याच्या वर येतो, आणि किल्ल्यावर दिवे सोडलेले असतात. तिकडे पडावाच्या बाजूला स्टेशनचा उजेड, इकडे लग्नाच्या बागेतून ढगांवर फिरणारे झोत. मला उजेडाचा इतका राग येतो की घरात मी ट्यूबलाइट लावली तरी बायको विचारते, आज तब्येत बरी नाही का.

शेवटी झाकण लावूनही काही फोटो काढायचे असतात. कॅमेरा तापला की आपल्या मनाने ठिपके उमटवतो, ते कुठे उमटतात हे कळावं म्हणून दुर्बिणीचं तोंड बंद करून निव्वळ काळोखाचे फोटो घ्यायचे आणि नंतर वजा करायचे. एकदा मी असा बसलेलो असताना बायको चहा घेऊन वर आली. तिने दुर्बिणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि झाकण काढायचं राहिलंय असं हळूच सांगितलं. मी म्हणालो, मुद्दाम ठेवलंय, अंधाराचा फोटो काढतोय. ती चहा ठेवून खाली गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या भावाचा फोन आला आणि ऑफिसमध्ये फार ताण आहे का, अशी त्याने चौकशी केली.

इतकं सगळं मी सोसत होतो. पण शेजारच्या गच्चीवर हॅलोजन लागला तेव्हा माझा धीर सुटला.

शेजारी काकू राहतात. आमच्या आणि त्यांच्या गच्चीत गुडघ्याएवढा कठडा आहे. काकू मराठी शाळेत गणित शिकवायच्या आणि निवृत्त झाल्यावरही त्यांनी ते सोडलं नव्हतं, फक्त विद्यार्थी येईनासे झाले. काका गेल्यापासून त्या एकट्याच. खालच्या मोठ्या खोलीत त्यांना करमेना, म्हणून गच्चीलगतच्या लहान खोलीत त्यांनी खाट टाकली. पण झोप काही येईना. पहाटे डोळा लागायचा आणि दूधवाल्याच्या हाकेने उघडायचा. दिवसा त्या चिडचिड करत, जिन्यावर तोल जाई, एकदा गॅस तसाच राहिला. त्यांचा मुलगा बंगलोरला असतो. त्याने येऊन खिडकीजवळ एक कॅमेरा लावला, आवाज ऐकणारा आणि बोलणारासुद्धा, आणि कॅमेऱ्याला नीट दिसावं, आईला भीती वाटू नये, म्हणून गच्चीवर हा हॅलोजन. जाताना त्याने सांगितलं की संक्रांतीपर्यंत बघू. झोपेची गाडी रुळावर आली तर ठीक, नाहीतर घर भाड्याने द्यायचं आणि आईने बंगलोरला यायचं.

काकूंना जायचं नव्हतं. तिथे बाराव्या मजल्यावर दार लावलं की शेजारी कोण राहतं हे जाहिरातीसारखं पाटीवर वाचावं लागतं, असं त्या म्हणत. सत्तरी ओलांडलेल्या बाईला तिच्या घरातून, तिच्या पोथ्यांतून आणि भाजीवाल्याशी रोजच्या भांडणातून उचलून न्यायचं, हे मलाही पटत नव्हतं. पण मुलगा वाईट नव्हता. त्याला रात्री आईचा फोन यायचा, ‘अजून जागीच आहे रे’, आणि मग तोही जागा राहायचा.

मी मात्र त्या वेळी एवढा उदार विचार करत नव्हतो. माझ्यासमोर हॅलोजन होता. दिवाळीनंतरचं स्वच्छ आकाश, अंधार पडताच देवयानी दीर्घिका डोक्यावर येते, वर्षभर ज्याची वाट पाहिली तो हंगाम, आणि माझ्या दुर्बिणीत शेजारचा दिवा. मी चादर टांगली. वाऱ्याने उडाली. छत्री बांधली. बायकोने ती पाऊस नसताना का बांधली हे खालच्यांना समजावून सांगायला नकार दिला. शेवटी मी कठड्यापाशी जाऊन काकूंनाच विचारलं, संध्याकाळी सात ते नऊ दिवा बंद ठेवाल का.

“आणि कोणी आला तर?” काकू म्हणाल्या. “तू रोज वर काय करून राहतोस तेच मला माहीत नाही.”

मी समजावून सांगितलं. एवढे एवढे फोटो काढतो, मग त्यांची सरासरी काढतो, झाकण लावून काढलेले वजा करतो. मला वाटलं, नेहमीसारखी सहानुभूती मिळेल. पण काकूंचा चेहरा उजळला. सरासरी आणि वजाबाकी ऐकून त्यांना एकदम वाटलं की हा माणूस काहीतरी शिस्तीचं करतो आहे. सरासरी काढताना मोठी चूक असलेला फोटो आधी बाजूला काढतोस की नाही, असं त्यांनी विचारलं. मी काढतो. त्या म्हणाल्या, मग ठीक आहे.

दिवा बंद करायला त्या तयार झाल्या, एका अटीवर. गच्चीवर कोणीतरी आपलं माणूस जागं आहे हे त्यांना सतत ऐकू आलं पाहिजे. म्हणजे मी आवाज करत राहायचा. पहिल्या दिवशी मी चौकीदारासारखी काठी आपटली आणि सगळे तारे दुहेरी आले, कारण काठीच्या ठोक्याने दुर्बीणही हलते. दुसऱ्या दिवशी खोकलो, तर काकूंनी खिडकीतून आल्याचा काढा पुढे केला. रेडिओ लावू का म्हटलं तर त्या म्हणाल्या, रेडिओ चोरही लावू शकतो. माणूस जागा आहे की नाही ते त्यातून कळत नाही.

“पाढे म्हण,” त्या म्हणाल्या. “डुलकी लागली तर चुकशील. चुकलास की मला कळेल.”

काकूंच्या माहेरी दिवेलागणीला सगळी मुलं ओळीत बसून परवचा म्हणत, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे नव्हता. तोफखान्याला बेरीज पुरते. शिवाय मी हिंदी शाळेत शिकलेला. घरी कितीही मराठी बोललो तरी आकडे माझ्या डोक्यात हिंदीतच चालतात, आमच्या पिढीतल्या बहुतेकांचं असंच आहे. पण देवयानी डोक्यावर होती आणि दिवा बंद व्हायला हवा होता. मी माकडटोपी चढवली, शटर सोडलं आणि पन्नाशीला आलेला माणूस ज्या आवाजात पाढे म्हणेल त्या आवाजात सुरुवात केली. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. पुढे मी नकळत सत्रह चौके अड़सठ म्हणून गेलो. अंधाऱ्या खिडकीतून आवाज आला की उत्तर बरोबर आहे, भाषा चुकली, परत पहिल्यापासून.

असा आमचा हंगाम सुरू झाला. रोज संध्याकाळी काकू जेवून, दिवा मालवून खाटेवर पडायच्या आणि मी कठड्याअलीकडून पाढे म्हणायचो. लवकरच लक्षात आलं की एक पाढा सावकाश म्हटला की फोटोचं मिनिट जवळजवळ भरतं, आणि मग मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं. थंडीत तोंडातून वाफ निघायची ती भिंगावर जाऊ नये म्हणून मी दुर्बिणीकडे पाठ करून म्हणायचो. त्यामुळे माझं तोंड गल्लीकडे व्हायचं. खालून जाणारे लोक मान वर करून बघायचे. समोरच्या किराणावाल्याने एका गिऱ्हाइकाला सांगितलेलं बायकोने ऐकलं की भाईसाहब किसी बड़े इम्तिहान की तैयारी कर रहे हैं. बायकोने त्याची समजूत घातली नाही. तिला ते कारण बरं वाटलं.

काकूंना मात्र सूर सापडला होता. मी अडखळलो की खिडकीतून ताबडतोब बरोबर आकडा यायचा. मी सलग बरोबर म्हटलं तर त्यांना करमत नसे, मग त्या मधूनच पावकी विचारायच्या, निमकी विचारायच्या. एकदा औटकी विचारली. साडेतीनच्या पाढ्याला औटकी म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हणालो, काकू, पाव आणि साडेतीन आता कोणी पाठ करत नाही. त्या म्हणाल्या, दीर्घिकेचे फोटो तरी कोण काढतं. कधी कधी त्या हसायच्या, आणि काका गेल्यापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटायचं. फोटोही चांगले येत होते, हे त्याहून आधी सांगायला हवं होतं, कारण खरं कारण तेच होतं.

मग मुलाचा फोन आला. आदबीने बोलत होता, पण आवाजात काळजी होती.

“दादा, बुरा मत मानना, पण लाइट चालू असू द्या ना. आईची नींद आधीच खराब आहे. मी संक्रांतीला येतोय, पॅकर्सशी बोलणं झालंय.”

काकूंची झोप कशी आहे हे मी आधीच विचारू शकलो असतो. विचारलं नव्हतं, कारण नऊ वाजता मी आवरून खाली जायचो आणि त्या पुन्हा हॅलोजन लावायच्या. पुढे त्या किती वेळ जाग्या राहतात हे माझ्या गावीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी कठड्याशी विचारलं, तर काकू मान फिरवून तुळशीला पाणी घालत राहिल्या. तशीच आहे, म्हणाल्या. आणि मग, माझ्याकडे न बघता, पॅकर्सनी पोथ्यांच्या पेटीचं माप विचारलं होतं, असं सांगितलं. आता दिवा लावूनच ठेवू, असं मी म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, दिव्याने तरी कुठे येते, तू तुझं काम पुरं कर.

देवयानीचं काम पुरं व्हायला एकच स्वच्छ संध्याकाळ हवी होती. संक्रांतीच्या आधी धुकं पडतं, त्याच्या अगोदर ती मिळाली. लग्नाच्या बागेत त्या दिवशी कोणाचं लग्न नव्हतं. मी दुर्बीण लावली, ध्रुव किल्ल्यावर सापडला, मोटर चालू केली. काकूंनी दिवा मालवला. आज एकोणतीसचा, खिडकीतून आवाज आला. हा पाढा त्यांनी शेवटासाठी राखून ठेवला होता, आणि तो मला कधीच येत नव्हता.

पहिल्यांदा चारदा चुकलो, चारदा सुधारला गेलो. पुन्हा, पुन्हा. फोटो साठत होते. गारठा वाढत होता. मी आता बराच बरा म्हणत होतो. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, त्रिक सत्त्याऐंशी, चोक एकशे सोळा, पंचे एकशे पंचेचाळीस, सक एकशे चौऱ्याहत्तर, साती दोनशे चार.

म्हणून झाल्यावर मला स्वतःलाच शंका आली. थांबलो. खिडकीतून काहीच आलं नाही.

मी पुन्हा जरा मोठ्याने म्हणालो, एकोणतीस साती दोनशे चार. काही नाही. मग मी मुद्दाम म्हणालो, एकोणतीस साती पाचशे. गणिताच्या बाईंसमोर असं बोलून जिवंत राहता येत नाही. खिडकी अंधारी आणि गप्प. समोरच्या किराणावाल्याने मात्र खालून मान वर केली.

तेव्हा मी घाबरलो. गॅस, जिना, सत्तरी, थंडी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. कठडा ओलांडायला मी पाय उचलला, बॅटरीची वायर पायात अडकली, मागे दुर्बिणीने माझ्यासोबत यायचा प्रयत्न केला, आणि मी काकूंच्या गच्चीवर, त्यांच्या वाळत घातलेल्या चिकवड्यांच्या प्लास्टिकवर, चारी पायांवर उतरलो. ताबडतोब खिडकीजवळचा कॅमेरा लाल झाला आणि बाईच्या गोड आवाजात म्हणाला, सावधान, आप निगरानी में हैं. मी माकडटोपीसकट दोन्ही हात वर केले.

“काकू,” मी हाक मारली. “काकू, ठीक आहात ना?”

उत्तर कॅमेऱ्यातून आलं. मुलाचा आवाज, धापा टाकत, जणू तोच पडला होता.

“दादा, दोनशे तीन. दोनशे तीन आहे ते. आई काही बोलत का नाही?”

माझे हात तसेच वर राहिले. मग हळूहळू डोक्यात शिरलं. हा बंगलोरला बसून ऐकत होता. आजच नव्हे, त्याच्या आवाजावरून कळलं, रोज. आईचा आवाज येतोय, ती कोणालातरी चुका दाखवतेय, म्हणजे सगळं ठीक आहे, एवढं ऐकायला तो ऑफिसातून येऊन मोबाइलवर कॅमेरा लावून बसायचा. आणि आज तीच गप्प झालेली त्याला माझ्याइतकीच ऐकू आली होती.

खिडकी उघडली. काकू, केस विसकटलेले, डोळे अर्धे मिटलेले, शाल एका खांद्यावर. मी त्यांच्या गच्चीवर, हात वर, गुडघ्यांना चिकवड्या चिकटलेल्या.

“काय झालं?” त्या म्हणाल्या. “झोपले होते ना मी.”

मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. काकूंना वाटलं कोणी ऐकलं नाही, म्हणून चिडून त्यांनी परत सांगितलं की छान झोप लागली होती, चौऱ्याहत्तरपर्यंत ऐकलं, पुढचं काही आठवत नाही, आणि आता कोणी उठवलं ते सांगा.

“लाइट बंद असताना?” मुलाने विचारलं.

“लाइट लावून कोणी झोपतं का?” काकू म्हणाल्या. मग त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं. त्या खिडकीत तशाच उभ्या राहिल्या, गजाला धरून. मी हात खाली घेतले. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि माकडटोपीमुळे दोन्ही कोणाला दिसलं नाही हे बरं झालं.

मग काकूंना आठवलं. “तू कुठे होतास?” त्यांनी मला विचारलं. “साती.”

मी तोंड उघडायच्या आत बंगलोरहून उत्तर आलं, दोनशे तीन. पुढे तो थांबला नाही. अठ्ठे दोनशे बत्तीस, नव्वे दोनशे एकसष्ट, दाहे दोनशे नव्वद. लहानपणी खालच्या मोठ्या खोलीत काकूंपुढे बसून म्हटलेला पाढा, एका दमात. काकूंनी डोळे मिटून ऐकला आणि एकही चूक काढली नाही.

संक्रांतीला तो आला. पॅकर्स आले नाहीत. त्याने शिडीवर चढून स्वतः हॅलोजन उतरवला आणि त्या जागी काहीच लावलं नाही. आता संध्याकाळी कॅमेऱ्यातून तोच पाढे म्हणतो, काकू सुधारतात, आणि मधेच सुधारायच्या थांबल्या की झोप लागली म्हणून तो आवाज खाली आणतो. मला पाढे म्हणावे लागत नाहीत. तरी सवयीने ओठ हलतात, आणि किराणावाल्याला वाटतं, इम्तिहान अजून झालेलं नाही.

त्या संध्याकाळचे बाकीचे फोटो मी एकावर एक रचले. देवयानी बरी आली. एक फोटो मात्र मोठी चूक म्हणून बाजूला काढला. वायर ओढली गेली त्या मिनिटाचा. त्यात प्रत्येक तारा आधी ठिपका आहे, नीट, स्थिर, आणि मग त्याला एक लांब वाकडी शेपटी फुटते, आणि मधोमध देवयानी दुधाच्या ओघळासारखी खाली गेली आहे. मी तो पुसणारच होतो. पण काकूंनी तोच मागितला, मोठा छापून घेतला आणि आतल्या खोलीत काकांच्या फोटोशेजारी लावला.

पाहुणे येतात, विचारतात हे काय आहे. मी लाजेने दुसरीकडे बघतो. काकू उठून चष्मा लावतात आणि बोट ठेवतात.

“हा ठिपका आहे ना, इथपर्यंत मी झोपलेय,” त्या सांगतात. “आणि इथून हा गाढव धावला.”